किंग ऑलिव्हर ऐकताना आर्मस्ट्राँगला जरा बाजूला ठेवा

तबकडी (धागाकर्ता)

जॅझविषयी मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात जो 'किंग' ऑलिव्हरला एका वाक्यात उरकतात: लुई आर्मस्ट्राँगचा गुरू. ते खरंच आहे. आर्मस्ट्राँग त्याला आयुष्यभर 'पापा जो' म्हणत राहिला. पण त्यामुळे ऑलिव्हरच्या तबकड्या लोक लावतात त्या 'यात लुई कुठे वाजतोय' हे हुडकायला, आणि लुई सापडला की पुढचं ऐकायचं राहून जातं. १९२३ ते १९३१ या काळात या माणसाने जे ध्वनिमुद्रण केलं ते त्याचं म्हणून ऐकावं, एवढ्यासाठी हा धागा काढतोय.

ऑलिव्हर मूळचा लुइझियानाचा, न्यू ऑर्लीन्सच्या बँडांमध्ये कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, जरा आखूड पितळी वाद्य) वाजवून नाव कमावलेला. १९१८च्या सुमारास तो शिकागोला गेला. दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबं त्या वर्षांत लाखोंच्या संख्येने उत्तरेकडच्या कारखान्यांकडे निघाली होती आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे वादकही. मध्ये एक मोठी फेरी कॅलिफोर्नियाला झाली. मग १९२२ मध्ये शिकागोच्या साउथ साइडला 'लिंकन गार्डन्स' या नाचघरात त्याच्या क्रिओल जॅझ बँडने ठाण मांडलं. त्याच उन्हाळ्यात त्याने तार करून आर्मस्ट्राँगला बोलावून घेतलं. लुई तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

बँडमधली माणसं अशी: कॉर्नेटवर ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँग, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, ड्रमवर त्याचा धाकटा भाऊ बेबी डॉड्स, ट्रॉम्बोनवर ऑनरे डुट्रे, पियानोवर लिल हार्डिन (पुढे लुईची बायको) आणि बास किंवा बँजोवर बिल जॉन्सन.

५ आणि ६ एप्रिल १९२३ या दोन दिवसांत या मंडळींनी जेनेट कंपनीसाठी नऊ बाजू (तबकडीच्या एका बाजूला एक चीज) मुद्रित केल्या. जेनेट म्हणजे इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावच्या स्टार पियानो कंपनीची तबकडी शाखा. स्टुडिओ पियानोच्या कारखान्यालगत होता आणि शेजारून रेल्वेचे रूळ जात होते, त्यामुळे गाडी आली की मुद्रण थांबवावं लागे. त्या काळात इंडियानात कू क्लक्स क्लॅनचा जोर होता आणि हीच जेनेट कंपनी पैसे घेऊन क्लॅनच्याही तबकड्या छापून देत असे. त्या गावात, त्या खोलीत शिकागोहून आलेले हे कृष्णवर्णीय वादक उभे राहून वाजवत होते, हे लक्षात ठेवून त्या तबकड्या ऐकाव्यात.

मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा आत आलेला, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला फिरत्या मेणावर सुई. खोलीतला सगळा आवाज त्या कर्ण्यात जो आणि जसा शिरेल तेवढाच उमटायचा. मोठ्या ड्रमचा दणका बसला तर सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्सच्या हाती बहुतेक वेळ लाकडी ठोकळेच राहिले. नीट ऐकलं तर त्यांची टकटक येते. त्या दोन दिवसांत बिल जॉन्सनने बास सोडून बँजो घेतला. लुईचा आवाज इतका दमदार की त्याला इतरांच्या दहा-पंधरा फूट मागे उभं केलं, असं लिलने पुढे अनेकदा सांगितलं आहे.

म्हणजे या तबकड्यांवर जो तोल ऐकू येतो तो लिंकन गार्डन्समधला तोल नाही. तळाचा दणदणाट गेलेला, क्लॅरिनेट वाजवीपेक्षा पुढे आलेलं. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. नाचघरात लोक नाचत असतील तोवर एकच चीज लांबत राहायची.

तरीही यात काय उरलंय ते बघा. 'डिपर माउथ ब्लूज' घ्या. बारा बारचं (बार म्हणजे चार मात्रांचा गट) आवर्तन. आधी सगळे एकत्र, मग जॉनी डॉड्सचं क्लॅरिनेट, त्याच्यामागे बाकीचे फक्त ठरावीक ठोके देत थांबतात. पुन्हा सगळे, आणि मग ऑलिव्हर सलग तीन आवर्तनं वाजवतो. कॉर्नेटच्या तोंडावर रबरी वाटी (बेसिन तुंबल्यावर वापरतात तीच) उघडझाप करत. पहिल्या आवर्तनात दोन-तीन सुरांपलीकडे तो जातच नाही. तोच सूर दाबून, सोडून, किंचित खाली ओढून परत. दुसऱ्यात आवाज वर चढतो. तिसऱ्यात तो जवळपास बोलतो. एकही सूर दाखवेगिरीसाठी नाही. शेवटाला कोणीतरी ओरडतं, "ओह, प्ले दॅट थिंग!" तो बिल जॉन्सन. बेबी डॉड्स त्याचा ठरलेला तुकडा विसरला आणि मोकळी जागा भरायला जॉन्सनने आरोळी ठोकली. पुढे ती आरोळी त्या चिजेचाच भाग झाली.

ही तीन आवर्तनं पुढे कित्येक ट्रम्पेटवाल्यांनी सुरान् सूर पाठ केली. स्वतः आर्मस्ट्राँगने १९२५ मध्ये न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये हीच चीज 'शुगर फूट स्टॉम्प' या नावाने वाजवली तेव्हा स्वतःचं काही न रचता ऑलिव्हरचंच ठेवलं. लुईने एखाद्याचं इतकं जसंच्या तसं ठेवणं ही साधी गोष्ट नाही.

प्रतिसाद आले की १९२४ नंतरचं लिहितो.

---

षड्ज

फार सुंदर. कर्ण्याचा मुद्दा आपल्याकडच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना लगेच पटेल. गोहरजानने १९०२ मध्ये कोलकात्यात गायलं ते अशाच कर्ण्यात. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्याही त्याच पद्धतीच्या. नाटकात वन्समोअरवर वन्समोअर घेऊन रंगणारं पद तबकडीवर तीन मिनिटांत बसवायचं, त्यामुळे गाणारा आधीच ठरवून येतो की काय ठेवायचं आणि काय सोडायचं. ऑलिव्हरच्या बँडनेही तसं ठरवलं असणार. मग या तबकड्यांवरचं वादन कितपत उत्स्फूर्त मानायचं?

---

तबकडी

षड्ज, चांगला प्रश्न. बरंचसं बांधलेलं आहे आणि मला तीच या बँडची खरी ताकद वाटते. आपण जॅझ म्हणजे एकेकट्याने भरारी घेणं असं धरून चाललो. ती कल्पना आर्मस्ट्राँगनंतर रुजली. ऑलिव्हरकडे मुख्य गोष्ट म्हणजे सगळ्यांनी मिळून विणलेलं वादन. कॉर्नेट सरळ चाल धरतं, क्लॅरिनेट तिच्यावरून वेलांट्या घेतं, ट्रॉम्बोन खालून भरतं. कोणी कोणाच्या पायात येत नाही. चालीच्या मागे-पुढे थोडं सरकून वाजवणं प्रत्येकाचं आपलं आपलं.

यातलीच सगळ्यात गाजलेली गंमत म्हणजे दोन कॉर्नेटचे 'ब्रेक'. सगळा बँड दोन बारसाठी थांबतो आणि तेवढ्यात ऑलिव्हर आणि लुई जोडीने एक तुकडा वाजवतात, दोन वेगळ्या सुरावटींत, तंतोतंत एकत्र. लिंकन गार्डन्समध्ये ऐकायला येणाऱ्या गोऱ्या वादकांना याचं गूढ उकलेना. लुईने नंतर सांगितलं ते असं: पुढच्या ब्रेकला काय येणार आहे ते ऑलिव्हर आधीच्या भरगच्च वादनातच हळूच वाजवून दाखवायचा, लुई ते उचलायचा आणि त्याला जोड बसवायचा. एवढ्या आवाजात, नाचणाऱ्या गर्दीसमोर. 'स्नेक रॅग' ऐका, एप्रिलमधली जेनेटची आणि जूनमधली ओके कंपनीची, दोन्ही.

---

नीलरात्र

लेख आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. मी 'चाइम्स ब्लूज' आणि 'डिपर माउथ' पुष्कळदा ऐकलंय. सामूहिक वादन मला तरी गिचमिड वाटतं. कान शेवटी लुईकडेच जातो, कारण एकट्याचं काही स्पष्ट वाजवणारा तोच. 'चाइम्स ब्लूज'मधला त्याचा सोलो म्हणजे ध्वनिमुद्रित आर्मस्ट्राँगची सुरुवात. इतिहासाने त्याला पुढे ठेवलं यात इतिहासाचं काय चुकलं? आणि १९२९-३०च्या व्हिक्टर कंपनीच्या तबकड्यांवर ऑलिव्हर तर जवळजवळ वाजवतच नाही. त्यांना त्याच्या खात्यात का मोजायचं?

---

तबकडी

नीलरात्र, दोन्ही मुद्दे घेतो.

'चाइम्स ब्लूज'मध्ये लुई जे वाजवतो ती चिजेतलीच एक बांधलेली सुरावट आहे, तो ती दोनदा जवळपास तशीच वाजवतो. आवाजाचा दम त्याचा, हे मान्य. पण त्याच बैठकीत सोलो म्हणून रचलेलं आणि उभं राहिलेलं काही असेल तर ते ऑलिव्हरचं 'डिपर माउथ'मधलं आहे. गिचमिडीबद्दल म्हणशील तर बरेचदा तो दोष वाईट प्रतीचा असतो. त्या काळी तबकड्या ७८ फेऱ्यांच्या म्हटल्या जात, पण मुद्रणाचा वेग कंपनीगणिक आणि बैठकीगणिक बदलायचा. चुकीच्या वेगाने उतरवल्या की सूर वर जातो आणि सगळं किरकिरं होतं. आर्किओफोन कंपनीने 'ऑफ द रेकॉर्ड' नावाचा १९२३च्या सगळ्या बाजूंचा संच काढला, त्यात वेग आणि सूर काळजीपूर्वक लावलेले आहेत. तो ऐकलास की क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन वेगवेगळे दिसायला लागतील.

व्हिक्टरचं उत्तर द्यायला मधली वर्षं सांगावी लागतील.

१९२३ मध्ये हा बँड चार कंपन्यांकडे वाजवून आला: जेनेट, ओके, कोलंबिया, पॅरामाउंट. एका वर्षात तीन डझनांच्या आसपास बाजू. कृष्णवर्णीय न्यू ऑर्लीन्स बँडचं इतकं सलग मुद्रण त्याआधी झालं नव्हतं. यातल्या काही तबकड्या दुर्मीळ आहेत. जेनेटच्या 'झूलूज बॉल'ची तर एकच प्रत सापडलेली आहे. ती फुटली असती तर ती चीज आपल्याला माहीतच झाली नसती.

पण बँड टिकला नाही. बेबी डॉड्सने पुढे सांगितलं की रॉयल्टीचे चेक ऑलिव्हर दाखवेना, त्यावरून खटका उडाला आणि डॉड्स बंधू आणि डुट्रे बाहेर पडले. १९२४ मध्ये लिलच्या आग्रहाने लुईही गेला. पैशांच्या बाबतीत ऑलिव्हर हात आखडता ठेवणारा होता, संशयी होता. मला तो आवडतो म्हणून हे झाकायचं कारण नाही. १९२४च्या डिसेंबरात त्याने जेली रोल मॉर्टनच्या पियानोसोबत दोन बाजू केल्या, फक्त कॉर्नेट आणि पियानो: 'किंग पोर्टर स्टॉम्प' आणि 'टॉम कॅट ब्लूज'. ऑलिव्हर एकटा, भोवती कोणी नाही, असं ऐकायचं असेल तर इथेच. त्याच नाताळच्या सुमारास लिंकन गार्डन्सला आग लागली.

पुढचा बँड डिक्सी सिंकोपेटर्स. सॅक्सोफोन आले, लिहिलेली मांडणी आली. किड ओरी, बार्नी बिगार्ड, अल्बर्ट निकोलस, लुई रसेल, पॉल बार्बरिन असे एकेक वादक. १९२६ पासून व्होकॅलियन कंपनीसाठी 'स्नॅग इट', 'वा वा वा', 'डीप हेंडरसन'. तोवर विजेचं मुद्रण आलं होतं, पण व्होकॅलियन-ब्रन्सविकची 'लाइट-रे' ही स्वतःची पद्धत खास नव्हती, आवाज कोंदट येतो. 'समडे स्वीटहार्ट' त्यातल्या त्यात खूप खपली.

---

बाजाबजंत्री

तबकडीसाहेब, मध्येच बोलतो. आमच्या घरात तीन पिढ्या लग्नाच्या बँडमधल्या, मी स्वतः ट्रम्पेट धरतो. ऑलिव्हरच्या हिरड्यांचा आजार कुठेतरी वाचला होता. लोकांना वाटतं पितळी वाद्य फक्त ओठांनी वाजतं. ओठ थरथरतात हे खरं, पण माउथपीसचा दाब ओठांमागच्या पुढच्या दातांवर येतो. दात हलायला लागला की दाब देता येत नाही, वरचे सूर जातात, आणि दुखणं सोसून वाजवलं तर ओठही जातात. आमच्या आजोबांचे पुढचे दात गेल्यावर ते मोठ्या ढोलावर गेले. बँडवाल्याला दुसरा इलाज नसतो.

---

तबकडी

बाजाबजंत्री, तुम्ही नेमकं दुखणं सांगितलंत. ऑलिव्हरला पायोरिया होता. आर्मस्ट्राँगने आठवण सांगितली आहे की पापा जो पावात साखर भरून खायचा, त्याला ते फार आवडायचं. १९२०च्या दशकाच्या मध्यापासून त्याचं वाजवणं दिवसागणिक बेभरवशाचं होत गेलं. एखाद्या बैठकीत सुरेख, पुढच्या वेळी सूर धरवत नाहीत.

कर्ण्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याचं तोंड शाबूत होतं. व्हिक्टरचा उत्तम मायक्रोफोन समोर आला तोवर दात साथ देईनात. त्यामुळे त्याचं सर्वोत्तम वादन सगळ्यात खराब यंत्रावर आहे आणि सगळ्यात स्वच्छ मुद्रणांत तो स्वतः कमीत कमी आहे. नीलरात्र, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आलं. १९२९ ते १९३०च्या व्हिक्टर तबकड्यांवर बरेचदा त्याचा भाचा डेव्ह नेल्सन किंवा दुसरा कोणी ट्रम्पेटवर असतो. पण बँड कसा वाजला पाहिजे, मागचं वादन कुठे उचलायचं, कुठे दाबायचं, हे त्याचंच आहे. 'स्वीट लाइक धिस' ऐक. घाई नाही, सगळं मऊ, एकावर एक सावकाश येणारं. १९२३चा तोच स्वभाव सहा वर्षांनी दिसतो.

आणि 'वेस्ट एंड ब्लूज'. ही चीज ऑलिव्हरची. ११ जून १९२८ला त्याने ती मुद्रित केली. २८ जूनला आर्मस्ट्राँगने शिकागोत ओकेसाठी केली आणि सुरुवातीच्या त्या एकट्या ट्रम्पेटच्या तानेने जग हललं. जानेवारी १९२९ मध्ये ऑलिव्हरच्याच बँडने ती व्हिक्टरवर पुन्हा केली, तेव्हा ट्रम्पेटवर लुई मेटकाफ आर्मस्ट्राँगचीच नक्कल करतो. स्वतः रचलेली चीज, आणि ती शिष्याच्या सावलीतून वाजवावी लागली. मला ती तबकडी ऐकताना दर वेळी वाईट वाटतं.

---

लेकसाइड

मी शिकागोत राहते. लिंकन गार्डन्स ४५९ ईस्ट, ३१व्या रस्त्यावर होतं. ऑलिव्हरचा पुढचा अड्डा प्लँटेशन कॅफे ३५व्या रस्त्यावर, आणि समोरच सनसेट कॅफे, जिथे १९२६ मध्ये आर्मस्ट्राँग परतून वाजवत होता. रस्त्याच्या एका बाजूला गुरू, दुसऱ्या बाजूला शिष्य. मग ऑलिव्हर पुढे न्यूयॉर्कला का गेला? इथे चांगलं चाललं होतं ना?

---

तबकडी

लेकसाइड, १९२७च्या सुरुवातीला प्लँटेशनचं बस्तान उठलं. मग बँड घेऊन तो न्यूयॉर्कला सॅव्हॉय बॉलरूममध्ये वाजवायला गेला. तिथे कॉटन क्लबने त्याला बोलावलं होतं. पैसे कमी वाटले म्हणून त्याने नकार दिला, आणि १९२७च्या डिसेंबरात ती जागा ड्यूक एलिंग्टनला मिळाली. तिथून रेडिओवर प्रसारण व्हायचं, एलिंग्टन देशभर पोचला. त्याच एलिंग्टनच्या बँडमध्ये बबर मायली होता, ज्याने शिकागोत ऑलिव्हरला ऐकून रबरी वाटीचं गुरगुरणं उचललं होतं. म्हणजे एलिंग्टनच्या 'जंगल' आवाजाचा उगम ऑलिव्हरच्या कॉर्नेटात आहे.

---

रायबंदर

आमच्या गोंयकारांसाठी यात एक धागा आहे म्हणून लिहितो. शिकागोत अर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्रात आर्मस्ट्राँगसोबत पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. त्याच्यासारख्यांकडून आमची पोरं हे संगीत समोरासमोर शिकली. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याला तर 'भारताचा आर्मस्ट्राँग' म्हणत. तोच पुढे सी. रामचंद्रांसोबत 'अलबेला'च्या संगीतात होता. आर्मस्ट्राँगचा घाट ऑलिव्हरकडून आलेला, म्हणजे 'शोला जो भडके'च्या ट्रम्पेटात कुठेतरी पापा जो आहे असं म्हणता येईल का?

---

तबकडी

रायबंदर, आर्मस्ट्राँगमार्फत नक्कीच. तबकडीवरून थेट ऑलिव्हर इथे कितपत ऐकला गेला, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण 'सूर सोडताना थोडा खाली ओढायचा' ही खोड त्या घराण्याचीच.

---

षड्ज

शेवट काय झाला त्याचा?

---

तबकडी

१९३१ नंतर एकही मुद्रण नाही. मंदीने तबकडी कंपन्या झोपवल्या होत्या. तो बँड घेऊन बसने दक्षिणेत फिरत राहिला. बस बिघडायची, कार्यक्रम रद्द व्हायचे, वादक सोडून जायचे. शेवटी जॉर्जियातल्या सव्हाना गावी अडकला. आधी फळांचं दुकान, मग एका बिलियर्ड्सच्या अड्ड्यात झाडलोट. बहिणीला लिहिलेली त्याची पत्रं त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. त्यातल्या एकात तो लिहितो की न्यूयॉर्कला यायच्या भाड्यासाठी छोट्या गल्ल्यात पैसे टाकायला सुरुवात केली आहे, १ डॉलर ६० सेंट जमलेत आणि त्यांना हात लावणार नाही. रक्तदाबावर उपचार करायला पैसे नव्हते. एप्रिल १९३८ मध्ये तो गेला. बहिणीने घरभाड्याचे पैसे खर्चून त्याला न्यूयॉर्कला आणलं आणि ब्राँक्समधल्या वुडलॉन दफनभूमीत पुरलं.

त्याच सुमारास न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या संगीताकडे लोक पुन्हा वळू लागले होते. किड ओरी, बंक जॉन्सन यांना चाळिशीच्या दशकात नवे श्रोते आणि नवी मुद्रणं मिळाली. ऑलिव्हरला ते दिवस दिसले नाहीत.

---

नीलरात्र

'स्वीट लाइक धिस' आत्ता ऐकलं. व्हिक्टरबद्दलचं माझं मत बदलायला लागेल. १९२३चं मात्र अजून पटलेलं नाही. तो आर्किओफोनचा संच मिळवून पुन्हा बसतो. तोवर फुकट आणि कायदेशीर काही मिळेल का?

---

तबकडी

मिळेल. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षांचा, त्यामुळे इथे हे सगळं केव्हाच मोकळं झालं. अमेरिकेतही १९२३ची मुद्रणं १ जानेवारी २०२४ पासून सार्वजनिक झाली आहेत. मूळ तबकड्यांवरून उतरवलेली खूप आहेत, फक्त एकाच चिजेच्या दोन-तीन प्रती लावून बघ आणि ज्यात बँजो स्वच्छ ऐकू येतो ती ठेव. क्रम विचारशील तर आधी 'रिव्हरसाइड ब्लूज', मग 'कॅनल स्ट्रीट ब्लूज', मग 'डिपर माउथ'. 'स्नॅग इट'मधला ऑलिव्हरचा चार बारचा ब्रेक त्यानंतर. तो ब्रेक पुढे इतक्या जणांनी उचललाय की तुला तो ओळखीचा वाटेल.